गृहनिर्माण सोसायट्यांच्या समित्यांना खुले पत्र : यंदाच्या सभेत एक ठराव करा

प्रति,
माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि समिती सदस्य,
पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधील सर्व सहकारी गृहनिर्माण संस्था

सप्रेम नमस्कार.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची म्हणून तुमची सध्या धावपळ चालू असणार. लेखापरीक्षण अहवाल, सिंकिंग फंड, लिफ्टची दुरुस्ती, पार्किंगचे वाद हे सगळं पुढ्यात असताना आणखी एक पत्र वाचायला वेळ काढता आहात, त्याबद्दल आधीच आभार. मुख्य विनंती अशी, की सोसायटीत पाळीव प्राणी ठेवायला हरकत नाही, असा ठराव यंदाच्या सभेत करा. हे दिवस मी मुद्दामच निवडले आहेत. भाद्रपद हा कुत्र्यांच्या माजाचा महिना, हे आपल्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. कुत्रीचा गाभण काळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात थंडी पडू लागली की शहरभर पिल्लं होणार. बांधकामावरच्या वाळूच्या ढिगात, ट्रान्सफॉर्मरच्या जाळीमागे, पार्किंगमधल्या धूळ खात पडलेल्या गाडीखाली, तुमच्याच कंपाउंडच्या भिंतीलगत. आणि मग आमचे फोन वाजू लागणार. "ताई, इथे सहा पिल्लं आहेत, आई गाडीखाली गेली, काहीतरी करा."

वारजे-कर्वेनगर भागात सोडून दिलेली, हरवलेली, अनाथ झालेली कुत्री-मांजरं उचलून, बरी करून त्यांना कायमचं घर शोधून देणारा आमचा एक छोटा गट आहे. कार्यालय नाही, शेल्टर नाही. कुणी बँकेत आहे, कुणी शिकवण्या घेतं, एक काका रिक्षा चालवतात आणि रात्री-अपरात्री जखमी जनावर दवाखान्यात पोचवायचं असलं की तेच येतात. शहरात असे अनेक गट आहेत. पत्र मी एकटीच लिहिते आहे, पण यातलं दुखणं सगळ्यांचं सारखंच आहे.

लोकांचा समज असा, की रस्त्यावरच्या कुत्र्या-मांजरांना दत्तक घ्यायला माणसंच मिळत नाहीत. तो बरोबर नाही. माणसं मिळतात, चांगली मिळतात. पिल्लाचा फोटो टाकला की चौकशा येतात, भेटी होतात, घरातली सगळी माणसं तयार होतात, मुलं नाव ठरवून बसतात. आणि एवढं सगळं जुळून आल्यावर गाडी अडते ती तुमच्या फाटकाशी. "आमच्या सोसायटीत चालत नाही हो." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की पुढचं बोलणं काय होणार ते तोंडपाठ झालं आहे.

ही अडवणूक नेमकी कुणाला भोवते, ते कळण्यासाठी आमचं काम कसं चालतं ते थोडं सांगते.

पिल्लू आणलं की पहिली रात्र गोचिड्या काढण्यात जाते. कानाच्या पाळीच्या आत आणि बोटांच्या बेचक्यात त्या द्राक्षाच्या घडासारख्या लगडलेल्या असतात. चिमट्याने एकेक काढायची आणि साबणाच्या पाण्यात टाकायची. पोट तट्ट फुगलेलं दिसतं, ते खाल्ल्यामुळे नव्हे, जंतांमुळे. जंताचं औषध दिल्यावर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रावर काय पडतं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना रस्त्यावरची पिल्लं का मरतात हे वेगळं सांगावं लागत नाही. साधारण सहा आठवड्यांचं झालं की पहिली लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची. या मधल्या काळात आम्हाला सगळ्यात मोठी धास्ती असते पार्वो या विषाणूजन्य आजाराची. रक्ताची हगवण आणि उलट्या सुरू झाल्या की दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. त्याचा विषाणू फरशीवर, पायपुसण्यावर, चपलांना महिनोन्‌महिने चिकटून राहतो. साध्या फिनाइलवर भरवसा ठेवता येत नाही, ब्लीचने घर धुवावं लागतं. म्हणूनच ज्या घरात पार्वोचं पिल्लू होतं तिथे लस न झालेलं दुसरं पिल्लू आम्ही ठेवतच नाही.

हे सगळं ज्या घरात होतं, त्याला आम्ही फॉस्टर म्हणतो. तात्पुरतं सांभाळणारं घर. वन-बीएचकेची बाल्कनी, कुणाचं न्हाणीघर, कुणाच्या आजीची खोली. शेल्टर भरलेली असतात आणि इतक्या लहान पिल्लांना तिथली गर्दी, तिथले आजार झेपत नाहीत. त्यामुळे अख्ख्या शहराचं हे काम मूठभर बाल्कन्यांवर चाललेलं आहे. एक पिल्लू वेळेत त्याच्या घरी गेलं, तर ती बाल्कनी पुढच्या पिल्लासाठी मोकळी होते. ते अडलं, तर मागची सगळी रांग अडते. तुमच्या समितीने तोंडी लादलेल्या एका बंदीमुळे एकच पिल्लू घराला मुकत नाही. त्याच्यामागे उभं असलेलं, अजून वाळूच्या ढिगातच असलेलं पिल्लूही मुकतं, आणि ते तुम्हाला कधीच दिसत नाही.

एक उदाहरण देते. सिंहगड रस्त्यावर भाड्याने राहणाऱ्या एका जोडप्याने तीन महिन्यांची काळी मादी दत्तक घेतली. काळी आणि मादी, म्हणजे दत्तक जायला सगळ्यात अवघड. आम्हाला येणाऱ्या फोनमधला पहिला प्रश्न "मेल आहे ना?" हाच असतो. "मादी नको, पिल्लं होतात." सहा महिन्यांची झाली की नसबंदी करून घेता येते, तो प्रश्न कायमचा मिटतो, हे आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. या दोघांना ते सांगावंही लागलं नाही. त्यांनी दवाखाना शोधून ठेवला होता, घरमालकाची परवानगी लेखी घेतली होती. ती त्यांच्या घरी गेली आणि चौथ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर निरोप आला. त्यानंतर घरमालकाला पत्र गेलं, की भाडेकरूने आठ दिवसांत प्राणी हलवावा, नाहीतर भाडेकराराला यापुढे ना-हरकत मिळणार नाही. तिने कुणाला चावलेलं नव्हतं, लिफ्टमध्ये घाण केलेली नव्हती. लसी पूर्ण व्हायच्या होत्या म्हणून ती अजून फ्लॅटच्या दाराबाहेर पडलीच नव्हती. घरमालक भला माणूस, पण तो परगावी राहणारा, त्याला समितीशी भांडण परवडणारं नव्हतं. दोघं तिला परत घेऊन आले, सोबत तिची गादी, वाटी आणि राहिलेलं खाणं. त्या जोडप्यातल्या मुलीच्या तोंडून शब्द फुटत नव्हता, इतकी ती रडत होती.

पिल्लू चार महिन्यांचं झालं की त्याचं पिल्लूपण ओसरतं आणि चौकशा थांबतात. आज ती दीड वर्षाची आहे. नसबंदी झाली आहे, सगळ्या लसी झाल्या आहेत, माणसांत मिसळणारी आहे, आणि शहराबाहेरच्या एका बोर्डिंगमध्ये पिंजऱ्यात राहते. तिचं महिन्याचं भाडं आम्ही वर्गणी काढून भरतो. ज्या समितीने ते पत्र पाठवलं, तिच्यातल्या कुणाच्याही मनात या मादीबद्दल आकस होता असं मला वाटत नाही. त्यांनी तिला पाहिलंही नव्हतं. "आपल्याकडे नियम आहे" एवढंच होतं.

पण तसा नियम करण्याचा अधिकार सोसायटीला आहे का, हे एकदा तपासून घ्या अशी माझी विनंती आहे.

भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने फेब्रुवारी २०१५ मध्ये रहिवासी संघटनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पाळीव प्राणी ठेवायला सोसायटीने बंदी घालू नये, प्राण्याची जात किंवा आकार पाहून भेद करू नये, लिफ्ट नाकारू नये आणि लिफ्टसाठी वेगळे पैसे आकारू नयेत, हे त्यात स्पष्ट आहे. बहुमताने ठराव केला तरी कायद्याने दिलेली मुभा काढून घेता येत नाही, हेही त्यात म्हटलं आहे. २०२१ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, रहिवाशांना प्राणी पाळायला मज्जाव करणारी सोसायट्यांची कलमं बेकायदेशीर ठरवली. तो निकाल केरळचा आहे हे मान्य, पण त्याचा आधार आपल्या सगळ्यांना लागू असलेला प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० आणि संविधानातलं कलम ५१-क (छ) हाच आहे. सजीवांप्रति दयाभाव बाळगणं हे या कलमाने प्रत्येक नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरवलं आहे.

याच १९६० च्या अधिनियमात, उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणं हा कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किती? १० ते ५० रुपये. सहा दशकांत तो वाढलेला नाही. एखादं कुटुंब तुमच्या दबावाखाली आपला कुत्रा रात्री मुठा नदीपात्राच्या रस्त्यावर सोडून येतं, तेव्हा कायदा त्याला जेमतेम वडापावाच्या पैशांत मोकळं करतो. असे सोडलेले लॅब्रॅडॉर, हस्की, पर्शियन मांजरं आम्हाला दर सुट्टीत, दर बदलीच्या हंगामात सापडतात. गळ्यात पट्टा असतो आणि रस्त्यावर अन्न कसं शोधायचं याचा पत्ता नसतो. गाड्यांना बिचकणारा, प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्या माणसाच्या मागे दोन पावलं चालून थांबणारा कुत्रा दिसला, की तो पाळलेला होता हे आम्ही लांबूनच ओळखतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात, रस्त्यावरचं कुत्रं दत्तक घ्यायची इच्छा असलेल्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा आणि घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी घ्यावी, असं म्हटलं. त्यानंतर ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, रुग्णालयं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश आला. या आदेशांबद्दल मतमतांतरं आहेत, माझंही मत आहे, पण ते इथे महत्त्वाचं नाही. आवारातून हललेल्या प्रत्येक कुत्र्यासाठी दोनच जागा उरतात, पिंजरा किंवा घर. घराकडे जाणारी वाट तुमच्या फाटकातून जाते.

आता तुमच्या सभासदांच्या तक्रारींबद्दल. त्या खोट्या आहेत असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या घरी तान्हं मूल आहे, ज्यांच्या वडिलांना काठी टेकत चालावं लागतं, ज्यांना लहानपणी कुत्रा चावला आहे, त्यांची भीती खरी असते. रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस वाचणं जवळजवळ अशक्य, त्यामुळे कुणी घाबरत असेल तर त्याला हसू नये. पण रेबीज हटतो तो लसीने, बंदीने नाही. शेजारच्या गोव्याचंच पाहा. तिथे २०१४ पासून घरोघरी आणि गल्लोगल्ली कुत्र्यांना लस देण्याची मोहीम सातत्याने राबवली गेली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाला. आम्ही दत्तक दिलेला प्रत्येक कुत्रा लस घेतलेला असतो, नसबंदी झालेला असतो, किंवा लहान असेल तर ती करून घेण्याचं लेखी वचन कुटुंबाकडून घेतलेलं असतं. तुमच्या इमारतीत तो आला तर रेबीजचा धोका वाढत नाही. तोच कुत्रा लस न घेता फाटकाबाहेर वाढला तर वाढतो.

भुंकण्याचं म्हणाल, तर नव्या घरात पहिले काही आठवडे काही कुत्री एकटी राहिली की खरंच रडतात. तेव्हा शेजाऱ्यांनी आम्हाला कळवावं. आम्ही येतो, कुटुंबाला सवय कशी लावायची ते शिकवतो, गरज पडली तर दिवसा सांभाळणारं माणूस शोधून देतो. घाणीचं म्हणाल, तर पिशवी न बाळगता कुत्रा फिरवणारा सभासद चुकतोच, त्याला जरूर सुनवा. आमच्या दत्तकपत्रात सामायिक जागेत पट्टा लावणं आणि घाण उचलणं या अटी आहेत. महापालिकेचा परवाना काढणंही आहे. ती प्रत आम्ही सोसायटीला द्यायला तयार आहोत.

मांजरांचा प्रश्न थोडा निराळा, आणि त्यावर कुणी बोलत नाही म्हणून इथे सविस्तर लिहिते. मांजर दत्तक देताना आमची एक अट पक्की असते. खिडक्यांना आणि बाल्कनीला जाळी हवी. मांजर उंचावरून पडलं तरी त्याला काही होत नाही, ही समजूत जीवघेणी आहे. जबडा फुटलेली, मागचे पाय गेलेली मांजरं आम्ही दवाखान्यात नेलेली आहेत. कबुतरामागे झेप घेतात आणि सहाव्या मजल्यावरून खाली जातात. कुटुंब जाळी लावायला तयार होतं, पैसे भरायला तयार होतं, आणि सोसायटी म्हणते की इमारतीचं बाहेरचं रूप बिघडतं. पण कबुतरांचा त्रास नको म्हणून त्याच इमारतीत चार फ्लॅटना तशीच जाळी लावलेली असते! कबुतर बाहेर ठेवणारी जाळी चालते, तर मांजर आत ठेवणारी जाळीही चालायला हवी. रंग आणि धाटणी तुम्ही ठरवून द्या, सगळ्यांना एकच लावू द्या. इतकं साधं आहे हे.

चांगली उदाहरणंही आहेत, आणि आपल्याच भागात आहेत. कोथरूडमधल्या एका जुन्या सोसायटीत दोन वर्षांपूर्वी बेसमेंटमध्ये कुत्री व्यायली. वाद झाला, आवाज चढले. पण तिथल्या सचिव बाईंनी, निवृत्त शिक्षिका आहेत त्या, सगळ्यांना खाली बोलावलं आणि दोन महिने मागितले. जिन्याखाली कोपरा आखून दिला. आळीपाळीने दोन घरांनी भात आणि उकडलेलं चिकन पुरवलं. आम्ही जंताचं औषध आणि लसी पाहिल्या. मुलांनी चिठ्ठ्या टाकून नावं ठेवली. आठ आठवडे पूर्ण झाल्यावर तिथल्या क्लबहाउसमध्ये आम्ही एक सकाळ दत्तक शिबिर ठेवलं. पाचपैकी दोन पिल्लं त्याच सोसायटीत राहिली, तीन बाहेर गेली आणि आईची नसबंदी करून तिला तिच्या जागी परत आणलं. कानावर नसबंदीची खूण असलेली ती आता रात्री वॉचमनच्या खुर्चीशेजारी बसते. त्या सोसायटीत त्यानंतर एकही वेत झालेलं नाही. हकललं असतं, तर त्या पाचांतल्या जगलेल्या माद्या पुढच्या भाद्रपदाच्या सुमारास स्वतः माजावर आल्या असत्या, तिथेच.

तुमच्या सभेपुढे ठेवण्यासाठी ठरावाचा मसुदा साध्या भाषेत असा: "संस्थेतील कोणत्याही सभासदास किंवा घरमालकाच्या संमतीने राहणाऱ्या भाडेकरूस पाळीव प्राणी ठेवण्यास संस्थेची हरकत राहणार नाही. लसीकरण, परवाना, पट्टा आणि स्वच्छता यांची जबाबदारी प्राणी पाळणाऱ्याची राहील. तक्रार आल्यास समिती संबंधितांना समोरासमोर बसवून मार्ग काढेल. प्राणी हलवण्याची सूचना देणार नाही. बाल्कनी व खिडक्यांना समितीने ठरवलेल्या नमुन्याची सुरक्षा जाळी लावता येईल." एवढंच. शब्द तुम्हाला हवे तसे बदला, आशय ठेवा.

त्याबरोबर आणखी दोन विनंत्या आहेत, त्या ठरावात घातल्या नाहीत तरी चालेल. वर्षातून एखाद्या रविवारी क्लबहाउस किंवा पार्किंगचा कोपरा दत्तक शिबिरासाठी द्या. हॉलचं भाडं आमच्या औषधांच्या बिलाइतकं होतं, म्हणून शहरात शिबिरं कमी होतात. दुसरी विनंती अशी, की आवारात पिल्लं दिसली तर ती पोत्यात भरून दूर नेऊन सोडायला सफाई कामगाराला सांगू नका. आईपासून तोडलेल्या तीन आठवड्यांच्या पिल्लाला एक रात्र काढणंही कठीण असतं, आणि दूध भरलेली आई दोन-तीन दिवस तुमच्याच आवारात ओरडत हिंडते. आधी फोन करा. जवळचा गट कोणता ते परिसरातल्या कुठल्याही पशुवैद्यकाला विचारलंत तरी कळेल.

आमच्याकडूनही शब्द देते. तुमच्या सोसायटीत आम्ही दत्तक दिलेल्या प्राण्याबद्दल तक्रार आली, तर आमच्यातलं कुणीतरी त्याच आठवड्यात येईल. कुटुंबाला खरोखरच झेपत नसेल, तर प्राणी आम्ही परत घेऊ. तो रस्त्यावर जाणार नाही. दत्तक देण्याआधी घर पाहायला येतो तेव्हा सचिवांनाही भेटून जाऊ. समितीला हवं असेल तर सभेलाही येऊ, प्रश्न विचारा, राग असेल तर तोही काढा.

सभेची सूचना चौदा दिवस आधी निघते. विषयपत्रिका अजून छापायला गेली नसेल, तर त्यात हा विषय घाला. गेली असेल, तर "अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय" यात तो चर्चेला घ्या आणि पुढच्या सभेच्या पत्रिकेवर आणा. पिल्लं दिवाळीनंतर येतील, तोवर वेळ आहे.

आपली नम्र,
वारजे-कर्वेनगर भागातील एक फॉस्टर